एकच गल्ली, दोन व्यवहार: मेंदू आठवण ठेवतो कधी आणि काढतो कधी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंदूरच्या मराठी मंडळींसमोर मी गेली काही वर्षं स्मरणशक्तीवर बोलते. कधी लोकमान्यनगरात ज्येष्ठांच्या बैठकीत, कधी गणेशोत्सवातल्या व्याख्यानात. त्याआधी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. भाषण संपलं, चहा आला, की लोक जवळ येऊन हळूच जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलं आहे ते तुमच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी आहे, स्वतःच्या मनाने गोळी बंद करण्यासाठी नाही.

मेंदूतली सर्किट्स "बदलतात" म्हणजे नेमकं काय होतं? तारा बदलतात का?

इंदूरचा आपला सराफा बाजार डोळ्यांसमोर आणा. दिवसभर तिथे सोन्याचांदीचा व्यवहार: काटा, कसोटी, पावती. रात्री आठ-नऊला शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांसमोर शेगड्या पेटतात. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, जलेबा, मध्यरात्र उलटेपर्यंत. गल्ली तीच, ओटे तेच. बदलली ती वेळ, आणि कोणी कुठे बसायचं हे.

मेंदूतही तारा उपटून नव्या बसवाव्या लागत नाहीत. काही जोडण्या थोड्या वेळापुरत्या मंद करायच्या, काही मोकळ्या सोडायच्या, एवढ्यावर चेतापेशींचा तोच समूह दुसरं काम करू लागतो. नवी गोष्ट नोंदवणं हे एक काम, जुनी गोष्ट बाहेर काढणं हे दुसरं, आणि नोंदवलेलं पक्कं करणं हे तिसरं. विसरभोळेपणाच्या कितीतरी तक्रारींत माल चोरीला गेलेला नसतो, दुकान भलत्या वेळी उघडलेलं असतं. मला या विषयात सगळ्यांत महत्त्वाचं हेच वाटतं, आणि पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याकडे येतात.

"माझी मेमरीच खराब आहे" असं म्हणणं चूक आहे का?

चूक नाही, पण अपुरं आहे. स्मृती ही एक वस्तू नाही हे आपल्याला कळलं ते मुख्यतः एका माणसामुळे. हेन्री मोलेसन हा अमेरिकेतला तरुण. त्याला अपस्माराचे इतके झटके यायचे की जगणं अशक्य झालं होतं. १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि आजूबाजूचा काही भाग काढला. झटके कमी झाले. पण त्यानंतर भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की हेन्रीला तो नवाच वाटायचा. लहानपणीच्या गोष्टी मात्र त्याला सांगता यायच्या. आकडे ऐकून लगेच परत म्हणताही यायचे.

ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं: कागदावर चांदणी, तिच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात प्रत्यक्ष न बघता आरशात बघून. करून पाहा, पहिल्यांदा हात भलतीकडेच पळतो. हेन्री तीन दिवसांत त्यात तरबेज झाला. आणि तरीही हे काम आपण पूर्वी कधी केलं आहे याची त्याला आठवण नव्हती. हाताला जे आठवत होतं ते त्याला आठवत नव्हतं. २००८ मध्ये तो वारला. तोपर्यंत पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव फक्त "एच. एम." एवढंच होतं, मीही शिकवताना वर्षानुवर्षं त्याला त्या दोन अक्षरांनीच ओळखलं.

हिप्पोकॅम्पसमधली ही गल्ली कुठून कुठे जाते?

कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक, समुद्रघोड्यासारखा वळलेला हा भाग आहे. मेंदूच्या बाहेरच्या थरातून आलेली माहिती आधी एन्टोरायनल कॉर्टेक्सपाशी जमते. तिथून डेंटेट गायरस, मग सीए-३, मग सीए-१, मग सबिक्युलम आणि फिरून एन्टोरायनल कॉर्टेक्स. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी १०० वर्षांहून अधिक काळापूर्वी सूक्ष्मदर्शकातून या भागातल्या पेशी आणि त्यांच्या फांद्या हाताने काढून ठेवल्या आहेत.

यातली दोन ठिकाणं लक्षात ठेवा. डेंटेट गायरस एकमेकींसारख्या दिसणाऱ्या गोष्टींना वेगळं करतो. जुळ्या बहिणींना आई ओळखते, तसं. सीए-३ चं काम याच्या उलट. तिथल्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात. उंदराच्या जातीतल्या मोठ्या प्राण्यात, म्हणजे रॅटमध्ये, सीए-३ च्या एका पेशीवर शेजारच्याच सीए-३ पेशींकडून सुमारे १२,००० जोडण्या येतात, तर डेंटेट गायरसकडून जेमतेम ५० च्या आसपास. या शेजारधर्मामुळे एक तुकडा मिळाला की बाकीचं चित्र पूर्ण होतं. तुपात परतलेल्या रव्याचा वास आला आणि आजीचं स्वयंपाकघर अख्खं उभं राहिलं, तर ते काम असल्या जाळ्याचं.

ठेवणं आणि काढणं एकाच वेळी का होऊ नये?

राजवाड्याजवळ तुम्ही स्कूटर लावता. काल गोपाल मंदिराच्या बाजूला लावली होती, आज कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे. आजची जागा नोंदवायची आहे. पण परिसर तोच, गर्दी तीच, हातातली पिशवीसुद्धा तीच. सीए-३ मोकळं असेल तर ते लगेच कालचं चित्र पूर्ण करून देईल आणि आजची नोंद कालच्या नोंदीवर चढेल. एकाच पाटीवर न पुसता दोनदा लिहिल्यासारखं. उलट, सीए-३ दाबलेलंच राहिलं तर आजची जागा स्वच्छ नोंदली जाईल, पण संध्याकाळी परत येताना ती बाहेर काढता येणार नाही.

म्हणजे जे जाळं आठवायला हवं, तेच नोंदवताना आड येतं. ते वेळेवर दाबायचं आणि वेळेवर सोडायचं, हाच बदलाचा गाभा आहे.

मग हे दाबणं-सोडणं करतं कोण?

यात सगळ्यांत मोठा हात ॲसिटिलकोलीन या रसायनाचा. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगात चेतातंतूंच्या टोकातून रसायन झिरपतं हे दाखवलं; ते रसायन हेच. १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. हिप्पोकॅम्पसला ॲसिटिलकोलीन पुरवणाऱ्या पेशी मुख्यतः मेंदूच्या मध्याजवळ, सेप्टम नावाच्या भागात असतात.

मायकेल हॅसेल्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मांडलेला विचार मला आजही सुंदर वाटतो. ॲसिटिलकोलीन वाढलं की सीए-३ मधल्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या जोडण्या बऱ्याच दबतात, पण बाहेरून येणाऱ्या माहितीची वाट त्या मानाने मोकळी राहते. त्याच वेळी जोडण्या पक्क्या होण्याची तयारीही वाढते. म्हणजे दार बाहेरच्याला उघडं आणि आतल्या आत गप्पा बंद: नोंदवण्याची वेळ. रसायन उतरलं की आतल्या गप्पा सुरू होतात: आठवण्याची आणि पक्कं करण्याची वेळ. जागेपणी, नवी जागा धुंडाळताना ते भरपूर असतं. गाढ झोपेत अगदी कमी.

पण बोलताना तर आपण ऐकतोही आणि आठवतोही. इतक्या पटकन रसायन कसं बदलेल?

हा प्रश्न एकदा अकरावीतल्या मुलीने विचारला होता आणि तो अगदी बरोबर आहे. रसायनाची पातळी चढायला-उतरायला वेळ लागतो. त्यासाठी मेंदूकडे दुसरी, जलद सोय आहे: लय. रॅट चालत-फिरत असताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला सुमारे ६ ते १० वेळा उठणारी थीटा लहर असते. २००२ मध्ये हॅसेल्मो यांच्या गटाने असं मांडलं की या प्रत्येक लहरीच्या एका भागात नोंदवणं आणि दुसऱ्या भागात काढणं चालतं. झोपाळा पुढे गेला की एक, मागे आला की दुसरं.

२००९ मध्ये नॉर्वेतल्या त्रोनहाइमला लॉरा कोल्गिन आणि मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेने याला जोडणारा पुरावा दिला. थीटावर स्वार होऊन आणखी जलद लहरी येतात, त्यांना गॅमा म्हणतात. सीए-१ मध्ये त्या दोन प्रकारच्या दिसल्या. मंद गॅमा, सेकंदाला २५ ते ५० वेळा, सीए-३ शी जुळून येते. जलद गॅमा, ६५ ते १४० वेळा, एन्टोरायनल कॉर्टेक्सशी. आणि त्या थीटाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर येतात. एकाच रेडिओवर दोन स्टेशनं: एकावर आतली आठवण, दुसऱ्यावर बाहेरची बातमी. सीए-१ क्षणाक्षणाला सुई फिरवत असतं.

नवी गोष्ट दिसली तर काही फरक पडतो?

पडतो, आणि पुढच्या क्षणावरही पडतो. २०१२ मध्ये कॅथरीन डंकन, अर्हंती सदानंद आणि लिला दावाची यांनी माणसांना एकामागून एक चित्रं दाखवली: काही नवी, काही आधी पाहिलेली, काही पाहिलेल्यांसारखीच पण थोडी वेगळी. आधीचं चित्र नवं होतं तेव्हा लोकांनी पुढच्या चित्रातला बारीक फरक जास्त नेमका ओळखला. आधीचं जुनं होतं तेव्हा "हे पाहिलंय" म्हणण्याकडे कल गेला. दोन चित्रांमधला वेळ वाढला की हा परिणाम ओसरला. म्हणजे मेंदू एका पवित्र्यातून दुसऱ्यात यायला थोडा रेंगाळतो.

बायकोने बाजाराची यादी सांगितली आणि तुम्ही त्या वेळी शाळेतला जुना किस्सा आठवत होतात, तर यादी नीट बसत नाही. तुम्ही ऐकलंच नाही असा त्याचा अर्थ नसतो. घरोघरी यावरून भांडणं होतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आत जायची आणि बाहेर यायची वाटही वेगळी असते का?

उंदरांमध्ये तसं दिसलं आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत धीरज रॉय, ताकाशी कितामुरा आणि सहकाऱ्यांनी प्रकाशाने पेशी बंद करण्याचं तंत्र वापरलं. सीए-१ मधून एन्टोरायनल कॉर्टेक्सकडे जाणारी सरळ वाट भीतीची आठवण तयार होताना लागते. सबिक्युलमवरून वळसा घेणारी वाट ती आठवण बाहेर काढताना लागते. सबिक्युलम बंद केलं तर उंदीर नवी गोष्ट शिकत होता, पण शिकलेली दाखवू शकत नव्हता.

आणखी एक गोष्ट त्यात सापडली. सबिक्युलमची एक फांदी मॅमिलरी बॉडी नावाच्या मेंदूतल्या भागाकडे जाते आणि आठवण निघाली की ताणाचं संप्रेरक वाढवायला हातभार लावते. जुना अपघात नुसता आठवला तरी छातीत धडधडतं, त्याचा एक धागा इथे असू शकतो.

धोत्र्याने माणूस "भ्रमिष्ट" होतो म्हणतात. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. आपण महादेवाला वाहतो त्या धोत्र्यात ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीन ही द्रव्यं असतात. ती ॲसिटिलकोलीनचा निरोप पोचू देत नाहीत. १९७४ मध्ये ड्राखमन आणि लेविट यांनी निरोगी तरुणांना स्कोपोलामीन मोजक्या मात्रेत देऊन पाहिलं. त्यांचं नवं शिकणं ढासळलं आणि त्यांच्या चाचण्यांचं चित्र म्हाताऱ्या माणसांच्या चित्रासारखं दिसू लागलं.

हे वाचून मी अनेक वर्षं वर्गात शिकवलं, परीक्षेत विचारलं, आणि माझ्याच घरात ते घडत होतं तेव्हा मला ते दिसलं नाही.

माझी आई तेव्हा ८१ वर्षांची. तिला सारखं लघवीला जावं लागायचं, रात्री चार-चार वेळा. त्यासाठी एका डॉक्टरांनी गोळी दिली. झोप सुधारली, आम्ही खूश. दोन-तीन महिन्यांत ती एका तासात चार वेळा विचारू लागली, "दूध आलं का गं?" मी पातेलं उघडून दाखवायचे, साय दाखवायचे, ती "हो की" म्हणायची, पदराला हात पुसायची आणि दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. आणि त्याच वेळी तिला इंदूरच्या गिरण्यांचे भोंगे पाठ होते: कोणत्या गिरणीचा आवाज जाड, कोणता चिरका, कोणत्या पाळीला वडील डबा घेऊन निघत. नातवंडं म्हणायची, आजीला सगळं आठवतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, वयच झालं. मीही मान हलवली.

ती गोळी ॲसिटिलकोलीन अडवणाऱ्या जातीची होती. मूत्राशय शांत करण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन नावाचं औषध देतात, ते अशांपैकी एक. सर्दी-खाजेच्या काही जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या, कंपवातासाठी दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल आणि नैराश्यावरचं ॲमिट्रिप्टिलीन याच कुळातली. प्रत्येकाचा उपयोग आहे आणि तरुणाला कदाचित काही जाणवणारही नाही. पण ७०-७५ च्या पुढे मेंदूत हे रसायन आधीच बेताचं असतं, आणि दोन-तीन डॉक्टरांकडून दोन-तीन अशा गोळ्या एकत्र आल्या तर नोंदवण्याचं दुकान उघडतच नाही. जुना माल आत शाबूत असतो, म्हणून भोंगे आठवतात आणि दूध आठवत नाही.

घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या गोळ्या, सर्दीच्याही, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. "यातल्या कोणत्या अँटिकोलिनर्जिक, म्हणजे ॲसिटिलकोलीन अडवणाऱ्या, आहेत?" हा शब्द वापरून विचारा. डॉक्टरांना लगेच कळतं.

स्मृतिभ्रंशाच्या गोळ्या काय करतात? त्याही यातच येतात का?

बरोबर उलट करतात. डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला रोखतं, त्यामुळे उरलेलं रसायन जास्त वेळ टिकतं. अल्झायमरमध्ये हे रसायन बनवणाऱ्या पेशी झडतात आणि एन्टोरायनल कॉर्टेक्सला, म्हणजे गल्लीच्या तोंडालाच, फार लवकर इजा होते. गोळीने काही काळ थोडी मदत होते, आजार थांबत नाही.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. डोनेपेझिलमुळे काहींना लघवीची घाई होते. ती नवी तक्रार समजून दुसरीकडून मूत्राशयाची गोळी घेतली, की एक औषध रसायन वाढवतं आणि दुसरं त्याचाच रस्ता अडवतं. डॉक्टरांच्या पुस्तकांत याला नाव आहे, पण आपल्या घरी ते लक्षात यायला कुणीतरी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

रात्रभर जागून अभ्यास केला तर काय बिघडतं?

भंवरकुव्याच्या कोचिंगमधली मुलं हा प्रश्न विचारतात, आणि त्यांचे डोळे पाहूनच मला उत्तर द्यावंसं वाटतं. तिसरं काम, पक्कं करण्याचं, गाढ झोपेत चालतं. तेव्हा ॲसिटिलकोलीन उतरलेलं असतं, सीए-३ मोकळं असतं आणि त्यातून अगदी थोडक्या वेळाच्या, तीक्ष्ण लहरी निघतात. १९८९ मध्ये ज्योर्जी बुझाकी यांनी मांडलं की दिवसा तात्पुरतं नोंदलेलं या लहरींतून मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचतं. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांना दिसलं की रॅट दिवसा ज्या जागी फिरले त्या जागांच्या पेशी झोपेतही बरोबरीने उजळतात. २००९ मध्ये या लहरी उठताक्षणी मोडून पाहिल्या, तर रॅटना वाट शिकायला त्रास झाला.

माणसांवरचा एक प्रयोग मला सगळ्यांत बोलका वाटतो. २००४ मध्ये जर्मनीत गाइस आणि बोर्न यांनी झोपलेल्या लोकांना गाढ झोपेच्या वेळी फायसोस्टिग्मीन दिलं, म्हणजे जे रसायन तेव्हा कमी असायला हवं ते वाढवलं. झोपेनंतर शब्दांच्या जोड्यांची उजळणी घेतली तर झोपेचा फायदा दिसला नाही. आरशात बघून रेघ काढण्याच्या कौशल्यावर मात्र परिणाम नव्हता. जे रसायन दिवसा शिकायला लागतं, तेच रात्री पक्कं करण्याच्या आड येतं.

तेव्हा बाळांनो, पहाटे तीनपर्यंत जागून वाचलेलं वाया जातं ते तुम्ही आळशी आहात म्हणून नाही. रात्रीची गल्ली तुम्ही उघडूच दिली नाही म्हणून.

सगळं येत होतं, पण पेपर हातात आला आणि कोरं झालं. असं का?

ताणाचं संप्रेरक आठवण बाहेर काढण्याच्या वाटेवर घाव घालतं. १९९८ मध्ये डी क्वेर्वेन आणि सहकाऱ्यांनी रॅटना चाचणीच्या ३० मिनिटं आधी विजेचा झटका दिला, तर त्यांना शिकलेली जागा सापडेना. फक्त २ मिनिटं आधी किंवा ४ तास आधी दिला, तर फरक पडला नाही. संप्रेरक चढायला वेळ लागतो आणि उतरायलाही. परीक्षेच्या दाराशी उभं राहून एकमेकांना "हे वाचलंस का" विचारणं म्हणूनच घातक आहे.

आणि तयारी करताना वाचण्याबरोबर पुस्तक मिटून आठवण्याचा सरावही करा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी दाखवलं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा-पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने विचारलं तर स्वतःची परीक्षा घेणारे.

घर बदलून सहा महिने झाले, तरी स्कूटर जुन्या घराकडेच वळते. जुनी आठवण पुसली जात नाही का?

पुसली जात नाही, आणि हा बदल मला फार आवडतो. १९९६ मध्ये पॅकार्ड आणि मॅकगॉ यांनी रॅटना चौकासारख्या वाटेत खाणं शोधायला शिकवलं. आठव्या दिवशी सुरुवातीची जागा बदलली तर बहुतेक रॅट खाण्याच्या जागेकडे गेले, म्हणजे नकाशा वापरला. सोळाव्या दिवशी ते सवयीने त्याच हाताला वळले. लगाम हिप्पोकॅम्पसकडून कॉडेट या भागाकडे गेला होता. मग संशोधकांनी सोळाव्या दिवशी कॉडेट तात्पुरता बधिर केला. रॅट पुन्हा नकाशाने चालू लागले! नकाशा तिथेच होता, फक्त त्याला कुणी विचारत नव्हतं.

सुदामानगरातल्या नव्या घरी जायचं असेल तर नेहमीच्या वळणाच्या थोडं आधी मनात नवी वाट म्हणा. थकलेले असाल, फोन वाजत असेल, तर लगाम सवयीच्याच हातात राहतो.

स्वयंपाकघरात गेले आणि कशासाठी आले तेच विसरले. काळजी करू का?

एवढ्यावरून नको. जागा किंवा प्रसंग बदलला की मेंदू आधीचा प्रसंग गुंडाळून ठेवतो. चित्रपट पाहणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये प्रसंग बदलण्याच्या क्षणी हालचाल वाढलेली दिसते. मागच्या खोलीत परत जा, बहुतेक वेळा आठवतं.

आम्ही घरात मराठी, दुकानात हिंदी, ऑफिसात इंग्रजी. हा बदलही असाच होतो का?

नाही. भाषा बदलणं मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाचं आणि कॉडेटसारख्या खोल भागांचं काम आहे.

आठवण पुन्हा-पुन्हा काढली तर ती पक्की होते की बदलते?

दोन्ही. २००० मध्ये नादेर, शाफे आणि लेडू यांनी रॅटची भीतीची आठवण जागी केली आणि लगेच ॲमिग्डाला या भीतीशी जोडलेल्या भागात प्रथिनं बनणं रोखलं. आठवण विरली. आठवण जागी न करता तेच औषध दिलं तर काही झालं नाही. म्हणजे बाहेर काढलेली आठवण थोडा वेळ मऊ असते आणि पुन्हा साठवावी लागते. लग्नाचा तोच किस्सा आत्या आणि काका वेगवेगळा सांगतात तेव्हा दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं.

तुमच्या आईंचं पुढे काय झालं?

हे प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतंच. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पिशवीतल्या गोळ्या पाहिल्या, ती एक हळूहळू बंद केली आणि मूत्राशयासाठी वेगळा उपाय दिला: ठरलेल्या वेळी जाणं, संध्याकाळनंतर चहा नाही. रात्रीच्या फेऱ्या थोड्या वाढल्या. तीन आठवडे काहीच फरक नव्हता आणि मी आशा सोडली होती. मग एका सकाळी मी दूध गाळत असताना ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काल तू म्हणालीस ना, दूधवाला दोन दिवस सुट्टीवर आहे. मग हे कुठून आणलंस?"